आईच्या वहीतले आकडे

पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखाली जी लाकडी फळी आहे, तिच्यावर आमच्या आईची एक दोनशे पानी वही असते. वहीच्या पुढच्या बाजूने दुधाचा हिशेब आहे आणि मागच्या बाजूने तिच्या रक्तदाबाचा. दोन्ही हिशेब एकाच टपोऱ्या अक्षरात आणि सारख्याच काटेकोरपणाने लिहिलेले. दुधाच्या हिशेबात आजवर एका पैशाची चूक निघालेली नाही. रक्तदाबाच्या हिशेबात मात्र पहिली अकरा पाने चुकीची आहेत, आणि ती चूक आईची नसून माझी आहे. ती पाने फाडून टाकावीत, असे मी एकदा म्हणालो. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "राहू दे. मी कशाने पडले, ते पुढे कळायला नको का?"

गिरड हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गाव. एका अंगाला समुद्रपूर-हिंगणघाट, दुसऱ्या अंगाला उमरेड, आणि मधे कपाशी, तूर, सोयाबीनची काळी शेते. वडील शिक्षक म्हणून या भागात आले, इथेच त्यांनी घर बांधले आणि इथेच ते गेले. मी नागपुरात, धाकटी बहीण मुंबईला. आईने मात्र गिरड सोडले नाही. गावात आमचे ख्रिस्ती घर एकच. पण 'मास्तरीणबाई' म्हणून तिला सारे गाव ओळखते, आणि त्या एका शब्दावर तिचे म्हातारपण निभावते आहे.

गिरडची टेकडी दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान सारेच जातात. टेकडीवर गोलसर खडे विखुरलेले असतात. कुणाला त्यांत सुपारी दिसते, कुणाला जायफळ, कुणाला नारळ. दंतकथा अशी की, फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड होऊन पडला. पुढे ते शरण आले, तेव्हा फकिराने त्यांना झाडाच्या पानांतून नवा माल करून दिला. भूगर्भशास्त्राचे जाणकार या खड्यांना झिओलाइट म्हणतात. लहानपणी आम्ही ते खिशात भरून आणत असू आणि पाहुण्यांपुढे तबकात ठेवून त्यांची फजिती करत असू. दिसायला सुपारी, अडकित्त्यात धरली की दगड! आईच्या वहीतली पहिली अकरा पाने आठवली की मला ते तबक आठवते.

झाले असे. आईला रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू होती. एका नाताळात बहिणीने मुंबईहून मनगटाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र भेट म्हणून आणले. मी आईला कळ कशी दाबायची ते दाखवले, वहीच्या मागच्या बाजूला रेघा मारून दिल्या आणि रोज रात्री फोनवर आकडा सांगायला सांगितले. एवढे करून मी कर्तव्यदक्ष मुलगा म्हणून समाधानाने नागपूरला परतलो.

आमच्या अंगणात तर त्या यंत्राची जत्राच भरली. संध्याकाळी शेतावरून आलेल्या बाया, दूधवाला, शेजारची पोरे, जो येई तो मनगट पुढे करी. "मास्तरीणबाई, माह्या बीपी पाहा ना जी!" आई सगळ्यांचा पाही, सगळ्यांना चहा देई, आणि मग गप्पांच्या ओघात स्वतःचाही पाही. हात मांडीवर, पाय बाजेवरून लोंबकळते, तोंडाने दूधवाल्याशी हुज्जत चालू, आणि चहाची बशी नुकतीच खाली ठेवलेली. वहीत आकडे पडू लागले : १६८/९६, १७२/९४, १८१/९८.

मी ते आकडे नागपूरच्या डॉक्टरांना कळवत राहिलो. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी मला एकदा विचारलेही, "नीट बसवून मोजता ना?" मी बेधडक "हो" म्हणालो. ती मोजते कशी, हे मी एकदाही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पंधरवडाभर आकडे चढेच राहिले. त्यांच्यावर विसंबून डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. माझ्या एका 'हो'वर त्यांचा निर्णय उभा होता, हे मला तेव्हा उमगले नाही.

एप्रिल उजाडला. विदर्भातले ऊन वाचकांना सांगायला नको. घामाने शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्म्याने रक्तवाहिन्या सैलावतात, आणि ज्यांना गोळ्या चालू असतात त्यांचा दाब उन्हाळ्यात आपोआपच काहीसा उतरतो. त्यात दुप्पट गोळी. आईला सकाळी उठताना अंधारी येऊ लागली होती, पण फोनवर ती फक्त आकडा सांगे. मी विचारी तेही फक्त आकडाच. एका सकाळी न्हाणीपाशी बादली उचलून ती उभी राहिली आणि कोसळली. डोके दगडापासून वीतभर दूर राहिले, एवढीच देवाची कृपा. डावे मनगट मोडले.

शेजारच्या काकूंनी तिला आरोग्य केंद्रात नेले. तिथल्या नर्सबाईंनी उजव्या दंडाला पट्टा बांधून दाब घेतला : बसून १०४/६०. मग आधार देऊन उभे केले आणि पुन्हा घेतला, तर वरचा आकडा ८४. मी पोहोचलो तेव्हा वही माझ्या हातात होती आणि आदल्या रात्रीच्या पानावर १५८ लिहिलेले होते. नर्सबाईंनी वही चाळली आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, घरी कसं मोजता ते एकदा दाखवा ना." डॉक्टरांना फोन झाला, गोळी पूर्ववत झाली, मनगटाला प्लास्टर लागले. पण त्या वाक्याने माझी मान खाली गेली, ती बरेच दिवस वर आली नाही.

दोन-तीन दिवसांनी नर्सबाई घरी आल्या. त्यांनी आईला नेहमीप्रमाणे मोजायला सांगितले आणि स्वतः गप्प बसून पाहत राहिल्या. आईने नेहमीप्रमाणे चहा टाकला, नेहमीप्रमाणे मांडीवर हात ठेवला, नेहमीप्रमाणे बोलत राहिली. नर्सबाईंनी कुणाला दोष दिला नाही. फक्त एकेक गोष्ट समजावून सांगितली. ती इथे लिहून ठेवतो, कारण आपल्या घराघरांत आता हे यंत्र आले आहे.

पहिली गोष्ट मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाची. त्या वेळात चहा-कॉफी नको, तंबाखू-खर्रा नको, धावपळ नको. लघवीला जाऊन यावे, कारण मूत्राशय भरलेले असले तरी दाब चढतो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत बसावे, पाय एकमेकांवर न चढवता जमिनीवर सपाट ठेवावेत आणि पाच मिनिटे काहीही करू नये. बोलूही नये. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. मग आईची ती दूधवाल्याशी हुज्जत किती वाढवत असेल, कोण जाणे.

दुसरी गोष्ट हाताची. यंत्राचा पट्टा हृदयाच्या पातळीत हवा. हे का, ते मला पुढे गणिताने पटले. दाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, आणि रक्त पाण्याहून थोडेसेच जड. म्हणजे पट्टा हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली गेला, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताचा भार म्हणून आकडा सुमारे ८ ने फुगतो. मनगट मांडीवर ठेवले की ते अंतर याहूनही वाढते. मनगटाच्या यंत्राची ही मोठी अडचण. म्हणून शक्यतो दंडाचे, आणि प्रमाणित चाचणीला उतरलेले यंत्र घ्यावे. दंडाला बांधले तरी हात टेबलावर टेकलेला हवा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे पद्धतशीर तपासले, तेव्हा हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरीने सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबता सोडल्यास सुमारे साडेसहाने जास्त आला.

तिसरी गोष्ट पट्ट्याच्या मापाची. ही मला अगदीच नवीन होती. नर्सबाईंनी आईला विचारले, "मोजायची टेप आहे का जी घरी?" आईने आयुष्यभर शिवणकाम केलेले, टेप हाताशीच होती. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर भरला ३५ सेंटिमीटर. नव्या यंत्राबरोबर जो नेहमीचा पट्टा मिळतो, तो बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. तोकडा पट्टा दंड आवळून आकडा वाढवतो, ढगळ पट्टा थोडा कमी दाखवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो अशांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा सरासरीने १९.५ ने जास्त आला. "पोलक्याचं माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही मी," आई म्हणाली, "आणि जिवाचं माप बिनमापाच्या पट्ट्यानं घेत होते!" मी नागपूरहून मोठ्या पट्ट्याचे यंत्र आणले. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवरून नव्हे. आणि खाली एक बोट जाईल इतपतच घट्ट.

चौथी गोष्ट धीराची. एका आकड्यावर भरवसा ठेवू नये. सकाळी गोळी आणि न्याहारीपूर्वी दोनदा, मधे एक मिनिट थांबून. संध्याकाळी तसेच दोनदा. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही जी सीमा मानतात, ती घरच्या सरासरीसाठी १३५/८५ धरतात, कारण दवाखान्याची धास्ती घरी नसते. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून, जिथे जास्त येईल तोच दंड पुढे कायम ठेवावा. नाडी अनियमित चालत असेल तर ही यंत्रे फसू शकतात. ते डॉक्टरांना आधी सांगावे. आणि गोळी आपल्या मनाने वाढवू नये वा सोडू नये.

या मोजणीचा इतिहासही पुढे मी कुतूहलाने वाचला. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि १७३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीला नळी लावून ऐकले : पट्ट्याची हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा दाब, ठोके लोपतात तो खालचा. म्हणजे ही विद्या शेवटी ऐकण्याची आहे. आजचे यंत्र कानाऐवजी पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपते. पण बोलणाऱ्या, हलणाऱ्या माणसाचे ऐकायचे कसे, हा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही.

वर्ध्याच्या मातीचे आणि रक्तदाबाचे नाते तसे जुने आहे. १९३५ च्या डिसेंबरात गांधीजी वर्ध्यातच रक्तदाबाने आजारी पडले आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असे आकडे आहेत. त्या काळी आजच्यासारखी सोपी, खात्रीची गोळी नव्हती. विश्रांती, चालणे, मिताहार आणि मातीच्या पट्ट्या हीच साधने. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील प्रसिद्ध निबंध आला तो १९४९ मध्ये, गांधीजी गेल्यानंतर. पुढे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. गांधीजींना जी गोळी मिळाली नाही, ती आज गिरडच्या कुठल्याही म्हातारीला मिळू शकते. म्हणूनच ती खोट्या आकड्यावर दिली जाऊ नये, आणि खऱ्या आकड्यावर नाकारलीही जाऊ नये.

हा दुसरा धडा आम्हाला शेजारच्या काकूंनी दिला. आईला आरोग्य केंद्रात नेणाऱ्या त्याच काकू. अंगणातल्या जत्रेत त्यांचाही आकडा दर वेळी १८० च्या वर येई. आई पडल्यावर गावभर झाले की यंत्र खोटे निघाले. काकू हसून म्हणाल्या, "म्हंजे माह्या बीपी बी खोटाच!" आणि तोंडात खर्रा टाकून कामाला लागल्या. मलाही ते पटले होते. आपण फसवले गेलो की सगळेच खोटे वाटू लागते.

आईला मात्र ते पटेना. एका सकाळी तिने काकूंना बोलावले, अर्धा तास खर्रा लावू दिला नाही, चहा दिला नाही, खुर्चीत पाठ टेकवून बसवले आणि स्वतः तोंडावर बोट ठेवून समोर बसली. काकूंचा दंड बारीक, म्हणून नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला. आकडा आला १६८/१०२. मिनिटभराने १६६/१००. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही जवळपास तेच. "आपलं मोजणं खोटं होतं, तुमचा दाब खरा आहे," आई म्हणाली, आणि प्लास्टरचा हात सांभाळत त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. काकूंना आता गोळी चालू आहे. खर्रा सुटलेला नाही, पण कमी झाला आहे, असे त्या सांगतात. आई त्यावर काही बोलत नाही. ती फक्त वही पाहते.

आईच्या सात दिवसांच्या मोजणीसाठी मी रजा काढून गिरडला राहिलो. पाच मिनिटे घड्याळाकडे पाहत बसणे तिला जड जाई. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोड काढली : मनातल्या मनात जपमाळेचे एक रहस्य पूर्ण करायचे आणि मग कळ दाबायची. मला एक निबंध आठवला. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले होते की, लॅटिनमध्ये 'आवे मारिया' म्हणताना, तसेच योगातला मंत्र म्हणताना, श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय व रक्तदाब यांचे अंगभूत लय अधिक जुळतात. मी तो आईला सांगितला. तिला आनंद होईल असे वाटले होते. ती विचारात पडली. "मग हा आकडा माझा की नमो मरियेचा?"

हा प्रश्न आम्ही नर्सबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "आजी, शांत बसल्यावर जो येतो तोच तुमचा. फक्त रोज सारखंच बसा. आज प्रार्थना, उद्या भांडण, असं नको." आईने ते मनावर घेतले. प्रार्थना औषधाच्या जागी आली नाही. गोळी वेळेवर चालूच आहे. प्रार्थनेने फक्त पाच मिनिटांना एक घर मिळवून दिले.

सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी मी काढली : १३२/७८. सर्वांत मोठा वरचा आकडा १४३, सर्वांत लहान १२२. आईने विचारले, "यातला खरा कोणता?" मी म्हणालो, सगळेच, दाब हा टेकडीसारखा एका जागी उभा नसतो, तो दिवसभर चढत-उतरत असतो. डॉक्टरांना मी सरासरी कळवली, आणि पूर्वीचे आकडे कसे घेतले होते तेही कबूल केले. त्यांनी रागावावे अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारले, "आईंना उभं राहताना अंधारी येते का आता?" हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. आता रोज विचारतो, आणि आकडा नंतर.

गेल्या सुटीत गिरडला गेलो, तेव्हा संध्याकाळी अंगण भरलेले होते. फाटकातून मी हाक मारणार, तेवढ्यात दूधवाल्याने हात वर करून मला थांबवले. "बोलू नका जी, मास्तरीणबाईचा बीपी चालू हाय." आत आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती, उजवा हात टेबलावर, डाव्या हाताची बोटे मण्यांवरून सावकाश सरकणारी. मोडलेल्या मनगटाला अजून थोडा बाक आहे. यंत्र गुणगुणले, पट्टा फुगला, उतरला. मिनिटभर थांबून पुन्हा. अंगणात कुणी हूं की चूं केले नाही.

मग आईने चष्मा लावला आणि वहीच्या मागच्या बाजूला लिहिले : १३१/७७, १२९/७६. मला पाहून हसली, पण आधी वही उलटी केली आणि पुढच्या पानावर लिहिले : दूध, एक लिटर. दूधवाल्याला म्हणाली, "आता बोल, काल पाव लिटर कमी का घातलंस?"